तलवार तीच, फाइट मास्टरही तोच. मग दुसरा चित्रपट फिका का?

तासगावला मुलांना लाठी आणि फरीगदगा शिकवणाऱ्या एका तरुण मित्राने अँग ली यांचा चिनी तलवारबाजीचा चित्रपट ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ (२०००) आणि सोळा वर्षांनी आलेला त्याचा पुढचा भाग ‘स्वोर्ड ऑफ डेस्टिनी’ हे दोन्ही चित्रपट लागोपाठच्या दोन रात्री पाहिले आणि मला एक प्रश्न विचारला आहे. पहिल्याच्या लढती बसवणारे युएन वू-पिंग दुसऱ्याचे तर दिग्दर्शकच आहेत, मिशेल यो दोन्हींत आहेत, तलवारही तीच आहे, शिवाय दुसऱ्यात डॉनी येनसारखा कसलेला गडी जास्तीचा आहे; तरीही दुसरा चित्रपट पाहताना दोनदा मोबाइल हातात घ्यावासा वाटला, असे का व्हावे? तो स्वतः सध्या एका लघुपटासाठी लढत बसवतो आहे, तेव्हा या दोन्हींतून त्याने काय घ्यावे, असेही त्याने विचारले आहे.

मी सांगलीत गेली तीसेक वर्षे मर्दानी खेळ शिकवतो आणि हौशी नाटकांच्या लढाया बसवून देतो. चित्रपटांचा समीक्षक मी नाही, त्यामुळे माझे उत्तर लढत बसवणाऱ्याच्या बाजूने येईल, आणि या प्रश्नाला तीच बाजू जास्त लागू आहे असे मला वाटते.

आधी युएन वू-पिंग यांच्यावरचा संशय दूर करतो. फाइट मास्टरला दिग्दर्शनाच्या खुर्चीत बसवले म्हणून चित्रपट बिघडला, असे सरसकट म्हटले जाते, परंतु ते खरे नाही. १९७८ साली जॅकी चॅनला ज्या दोन चित्रपटांनी खऱ्या अर्थाने नाव मिळवून दिले, ते दोन्ही याच माणसाने दिग्दर्शित केले होते, आणि ‘द मॅट्रिक्स’च्या लढती त्यांनी बसवल्या त्या ‘क्राउचिंग टायगर’च्या जेमतेम एक वर्ष आधी. हातात कसब आणि गाठीला अनुभव असा हा माणूस आहे. २०१६च्या चित्रपटातही त्यांच्या हाताला गंज चढलेला दिसत नाही. पवित्रे चोख आहेत, वार आणि रोख यांची लय बिनचूक आहे, आणि गोठलेल्या तळ्यावरची लढत तर पाय घसरण्याचाच डाव करून बसवलेली आहे, जी कल्पना मला मनापासून आवडली. फरक हाताच्या कसबात नाही. लढत कोणत्या जागी पडते आणि ती पडण्याआधी पात्रांकडे बोलायचे काय शिल्लक राहिलेले असते, यात तो आहे.

सांगलीच्या माणसाला हे समजावून सांगणे तसे सोपे आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीतास्वयंवर’ केले, त्या काळच्या नाटकांत राक्षस ‘अलल् डुर्र’ करत तलवारी परजत रंगमंचावर येत आणि प्रेक्षक घाबरून का होईना खूश होत. तो आरडाओरडा हीच तेव्हाची करमणूक होती, त्याला अर्थ विचारण्याचे कारण नव्हते. पुढे देवल आणि खाडिलकर या आपल्याच भागातल्या नाटककारांच्या काळापर्यंत रंगभूमी अशी काही वयात आली की पद, म्हणजे नाटकातले गाणे, कुठे घालायचे हा नाटककाराच्या विचाराचा विषय झाला. गद्य जिथे अपुरे पडते तिथे आलेले पद नाटक पुढे नेते आणि गवयाला टाळ्या हव्यात म्हणून आलेले पद नाटक थांबवून ठेवते, हे आपल्या आजोबांच्या काळच्या पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होते. चित्रपटातली लढत ही अशीच पदाच्या जागी असते. अँग ली यांच्या चित्रपटात ती पुष्कळदा गद्य संपल्यावर येते. ‘स्वोर्ड ऑफ डेस्टिनी’त ती पुष्कळदा वेळापत्रकाप्रमाणे येते.

पहिल्या चित्रपटाची कथा ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ली मू-बाय (चाउ युन-फाट) हा वूदांग या चिनी युद्धविद्येच्या परंपरेतला नामांकित तलवारबाज आपली ‘ग्रीन डेस्टिनी’ नावाची तलवार सोडून देऊन या सगळ्यातून बाजूला होऊ पाहतो. यू शू-लिएन (मिशेल यो) या जाणत्या लढवय्या स्त्रीवर त्याचे प्रेम आहे आणि तिचेही त्याच्यावर आहे, परंतु तिचा वाग्दत्त वर हा लीचा मानलेला भाऊ होता व तो लढाईत मारला गेला, म्हणून त्या मृताच्या मानासाठी दोघेही वर्षानुवर्षे एक शब्द बोललेले नाहीत. ती तलवार चोरीला जाते. चोरणारी जेन ही एका बड्या अधिकाऱ्याची लग्नाला आलेली मुलगी असून ती गुपचूप जेड फॉक्स नावाच्या खुनी बाईकडून विद्या शिकलेली आहे.

आता यातली पहिली लढत पाहा. ती सुमारे पंधरा मिनिटांनी येते, म्हणजे मारामारीच्या चित्रपटासाठी फारच उशिरा. तोवर माणसे चहा पितात, अदबीने बोलतात, नजर चुकवतात. आपल्याकडच्या कुस्तीच्या फडात जाणता प्रेक्षक जोडीची खडाखडी, म्हणजे डाव टाकण्याआधीची चाचपणी, ज्या चवीने पाहतो, त्या चवीने पाहण्याची ही पंधरा मिनिटे आहेत. मग रात्री संगीतकार तान दुन यांचे ढोल सुरू होतात आणि बुरखा घातलेली चोर कौलांवरून, भिंतींवरून धावू लागते. सगळ्या जगाला यातले उडणे आठवते. मला मात्र शू-लिएन काय करते ते महत्त्वाचे वाटते. ती चोराला उडू देत नाही. जेन वर झेपावायला गेली की ती तिचा कपडा धरून खाली ओढते, आणि एका क्षणी चक्क तिच्या पावलावर पाऊल देऊन तिला जमिनीला खिळवते. कुस्तीत असे काही दिसले असते तर आपण हसून दाद दिली असती. परंतु त्या एका पायाखाली अख्खा चित्रपट आहे: एक बाई आयुष्यभर जमिनीवर राहिलेली, दुसरी जमिनीवर राहायला तयार नसलेली. दोघींची ओळख जेमतेम झालेली आहे आणि तरी आपल्याला त्यांचे पुढचे भांडण कळून चुकते.

लढत बसवणाऱ्या प्रत्येकाने शस्त्रागारातला प्रसंग दहा वेळा तरी पाहावा असे माझे मत आहे. जेनच्या हातात ग्रीन डेस्टिनी आहे, जी समोरचे कोणतेही शस्त्र कापते. शू-लिएन दोन वाकड्या तलवारी घेते, मग भाला घेते, मग आकड्यांच्या तलवारी घेते. एकामागून एक शस्त्र निकामी होत जाते आणि प्रत्येक नव्या शस्त्राबरोबर तिला आपले अंतर, आपला पवित्रा आणि आपला विचार बदलावा लागतो. आपल्याकडे पट्टा शिकलेल्या मुलाच्या हातात एकदम विटा (दोरी बांधलेला भाला) दिला तर पहिली दहा मिनिटे तो पट्ट्याच्याच अंतरावर उभा राहून मार खातो, हे तुम्हीही पाहिले असेल. शू-लिएनचे तसे होत नाही. शस्त्र उचलता क्षणी तिचे पाय योग्य अंतरावर गेलेले असतात. मध्येच ती एक अवजड शस्त्र उचलायला जाते, ते पेलत नाही, आणि ती ते तिथेच टाकून दुसरे घेते. हा एका क्षणाचा विनोद आहे, पण त्यामुळे उरलेल्या सगळ्या शस्त्रांना वजन येते. शेवटी तिच्या हातात तुटके पाते राहते आणि तरी ते जेनच्या गळ्याशी टेकलेले असते. विद्या कोणाची मोठी, तलवार कोणाची चांगली आणि या दोन गोष्टी वेगळ्या कशा, हे एका वाक्याच्याही मदतीशिवाय सांगितले गेले आहे. ती तिथे थांबते, वार करीत नाही. जेन मात्र त्या थांबण्याचा फायदा घेऊन तिच्या दंडावर वार करते. बहीण म्हणवून घेणाऱ्या मुलीने केलेला तो वार पाहताना मला दरवेळी अंगावर काटा येतो, आणि गंमत म्हणजे पात्याच्या दृष्टीने तो त्या प्रसंगातला सर्वांत क्षुल्लक वार आहे.

जाता जाता एक सांगतो, की याच चित्रपटाच्या चित्रीकरणात मिशेल यो यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत होऊन शस्त्रक्रिया करावी लागली होती. हार्नेस आणि तारा लावल्या म्हणजे नटांचे काम सोपे होते, असे समजणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावे.

माझ्या मते पहिल्या चित्रपटातली सर्वांत खोल गोष्ट मात्र लढतीतही नाही, ती पोथीत आहे. जेड फॉक्सने ली मू-बायच्या गुरूला मारून वूदांगची पोथी चोरलेली असते, पण तिला वाचता येत नाही. ती चित्रे पाहून डाव शिकते. तिच्याकडे शिकणारी जेन वाचू शकते, मजकूर समजून घेते, ते गुरूपासून लपवून ठेवते आणि एक दिवस गुरूच्या पुढे निघून जाते. ज्यांनी परंपरेने आलेली विद्या शिकवली आहे त्यांना या प्रसंगातली वेदना वेगळी सांगावी लागणार नाही. मी स्वतः माझ्या उस्तादांकडून हात पाहून शिकलो, आणि आज मोबाइलवर जुनी चित्रे, पोथ्या व दुसऱ्या जिल्ह्यांतल्या आखाड्यांचे व्हिडिओ पाहून येणारी मुले मला कधी कधी असा प्रश्न विचारतात की मी गप्प होतो. जेड फॉक्सचा राग मला समजतो. या भूमिकेत चेंग पेइ-पेइ आहेत, ज्या १९६६ साली किंग हू यांच्या चित्रपटात तलवार चालवणाऱ्या नायिका होत्या, म्हणजे जुनी पिढी नव्या पिढीकडून हरते हे नटांच्या निवडीतूनही बोलले गेले आहे. दुसऱ्या चित्रपटात त्यांची मुलगी युजिनिया युआन एका आंधळ्या मांत्रिकिणीच्या भूमिकेत आहे. धागा सुंदर होता, पण त्या पात्राला बिचारीला भविष्य सांगण्यापलीकडे फारसे काम नाही.

आता दुसऱ्याकडे वळतो. दोन्ही चित्रपट वांग दुलू यांच्या पाच कादंबऱ्यांच्या मालिकेवर बेतलेले आहेत, पहिला चौथीवर आणि दुसरा पाचवीवर. म्हणजे पुढच्या भागाला कथेचा आधार नव्हता असे नाही. बऱ्याच वर्षांनी शू-लिएन परत येते, हेडीस दाय नावाचा सत्तापिपासू सरदार ग्रीन डेस्टिनी मिळवू पाहतो, तलवार चोरायला आलेला वेइ-फांग आणि त्याला अडवणारी स्नो व्हाज हे तरुण जोडपे समोर येते, जन्मावेळच्या अदलाबदलीचा एक उलगडा होतो (जो आपल्याला हिंदी चित्रपटांमुळे पाठच आहे), आणि सायलेंट वुल्फ (डॉनी येन) नावाचा एक गूढ योद्धा मदतीला येतो.

हा सायलेंट वुल्फ म्हणजेच शू-लिएनचा तो मेलेला वाग्दत्त वर. तो मेलेलाच नव्हता. माझ्या मते चित्रपट इथेच हरला आहे, आणि ही चूक कॅमेऱ्याची नाही, लढतीची नाही, लेखनाची आहे. पहिल्या चित्रपटातला सगळा संयम, चहाच्या मंडपात लीने तिचा हात धरून गालाला लावणे आणि तेवढेच करणे, विषारी सुई लागल्यावर उरलेला श्वास ध्यानात न घालवता प्रेम सांगण्यासाठी खर्च करणे, हे सगळे एका मृताच्या मानासाठी उभे केलेले होते. तो मृत माणूस धडधाकट चालत आला की पुढच्या भागाची कथा तर पातळ होतेच, पण मागच्या भागातला त्यागही मागाहून फुकट गेल्यासारखा वाटू लागतो. पायाचा दगड काढून वरच्या मजल्याला लावावा, तसे हे झाले. यातूनही एक मोठे नाटक उभे राहू शकले असते, कारण या बाईने कोणासाठी आपले आयुष्य थांबवून ठेवले या प्रश्नाइतका भयंकर प्रश्न नाही. पण चित्रपटाला ताबडतोब पुढच्या मुक्कामावर जायचे असते.

दोन्ही चित्रपटांत खानावळीत मारामारी आहे, म्हणून तुलनेला तीच घ्या. पहिल्यात जेन पुरुषवेशात एका दुमजली खानावळीत बसलेली असते, लांबलचक बिरुदे मिरवणारे गावोगावचे वीर तिला नाव विचारायला येतात आणि ती कविता म्हणत म्हणत सगळ्यांना बडवून काढते. प्रेक्षक हसतो. पण त्या हसण्यात तिचा माज हळूहळू दिसू लागतो, खानावळीचा चुराडा होतो, आणि नंतर हेच वीर पट्ट्या बांधून गाऱ्हाणे घेऊन येतात. म्हणजे त्या मारामारीचे बिल कोणीतरी भरतो. दुसऱ्यातली खानावळ सायलेंट वुल्फचे साथीदार गोळा करण्यासाठी आहे. टर्टल मा, थंडर फिस्ट, सिल्व्हर डार्ट, प्रत्येकाला एक शस्त्र, एक चमक आणि एक टाळीचे वाक्य मिळते. ती पाहायला मजेदार आहे, हे मी नाकारत नाही. सबंध चित्रपटात मला सर्वांत जास्त करमले ते तिथेच. फक्त ती संपल्यावर खुर्च्या सोडून काही मोडलेले नसते.

उडण्याबद्दल तुम्ही वेगळे विचारलेले नाही, पण लघुपटात तुम्हाला तो मोह होईल म्हणून लिहितो. पहिल्या चित्रपटातली, चीनमधल्या आन्जीच्या बांबूच्या बनातली लढत पाहताना कोणत्याही शहाण्या माणसाला ‘हे खोटे आहे’ असे वाटत नाही, कारण बांबू आधी वाकतो आणि मग माणूस त्याच्याबरोबर खाली जातो. वजन आहे, ते फक्त कमी केलेले आहे. नटांना खरोखरच झाडांच्या उंचीवर टांगलेले होते आणि तारा नंतर संगणकावर पुसल्या. ली एक हात पाठीमागे ठेवून डुलणाऱ्या फांदीवर उभा राहतो आणि जेनला पाय ठरवता येत नाही, एवढ्या एका चित्रात गुरू कोण हे ठरून जाते. दुसऱ्या चित्रपटात संगणकाने केलेल्या पार्श्वभूमीचा भार फार आहे आणि न्यूझीलंडचे रम्य डोंगर असूनही पुष्कळ ठिकाणी माणूस चित्रापुढे उभा राहिल्यासारखा दिसतो. पायाखालचे काही वाकत नाही, म्हणून उडीला किंमत येत नाही.

भाषेचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. पहिला चित्रपट मँडरिनमध्ये आहे. मलेशियाच्या मिशेल यो यांनी वाक्ये केवळ उच्चाराने पाठ केली होती आणि हाँगकाँगच्या चाउ युन-फाट यांचाही तो रोजचा बोल नव्हता, त्यामुळे चीनमध्ये त्यांच्या उच्चारांना नावे ठेवली गेली. तरीही गुरू, थोरली बहीण, सरदारसाहेब ही संबोधनांची उतरंड त्या भाषेत शाबूत राहिली, आणि कोण कोणाशी किती अदबीने बोलतो यावर तर ही कथा उभी आहे. दुसरा इंग्रजीत चित्रित करून नंतर मँडरिनमध्ये डब केला. पेशवाईतल्या दरबारात सगळेच एकमेकांना अरेतुरे करू लागले तर आपल्याला जे वाटेल, तसे काहीसे ते ऐकताना वाटते. पहिल्याचे मूळ नाव हीच मुळी चिनी भाषेतली म्हण आहे: दबा धरलेला वाघ, दडलेला ड्रॅगन, म्हणजे साध्या दिसणाऱ्या जागी लपलेली मोठी माणसे. शिवाय जेनच्या मूळ नावात ड्रॅगन आहे आणि तिच्या प्रियकराच्या, वाळवंटातल्या लो याच्या, नावात वाघ. पुढच्या भागाने नाव घेतले, पण वाघ आणि ड्रॅगन दोघेही कथेच्या मध्यावरून हलले.

यशाचे आकडे मी पुरावा म्हणून देत नाही, पण पैशाने सगळे होते असे वाटत असेल तर ते पाहण्यासारखे आहेत. पहिला सुमारे १.७ कोटी डॉलरांत झाला, उत्तर अमेरिकेतच त्याने सुमारे १२.८ कोटी डॉलर मिळवले, दहा ऑस्कर नामांकनांपैकी चार पुरस्कार घेतले. दुसरा फेब्रुवारी २०१६ मध्ये चीनमध्ये चित्रपटगृहांत आणि बाकी जगात नेटफ्लिक्सवर आला, आणि अमेरिकेतल्या मोठ्या चित्रपटगृह साखळ्यांनी तो दाखवायला नकार दिला. लहान पडद्यामुळे तो फिका पडला असे काहींना वाटते. मी पहिला चित्रपटही पुढे अनेकदा घरच्या जुन्या टीव्हीवरच पाहिला आहे, त्यामुळे मला ते पटत नाही.

आता तुमच्या लघुपटाविषयी. मी केलेली एक चूक सांगतो, त्यातून कदाचित तुमचे काम होईल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका हौशी संस्थेच्या ऐतिहासिक नाटकात मी दोन भावांची लढत बसवली होती. तीन मिनिटांची, एक तलवार आणि एक फरी, धाकट्याने थोरल्यावर शेवटचा वार करायचा नाही एवढेच ठरलेले. ती गाजली. पुढच्या हंगामात त्याच संस्थेने दुसरे नाटक घेतले आणि मला म्हणाले, तसेच पण मोठे करा. मी आठ जोड्या घेतल्या, दोन दांडपट्टे आणले, मुलांकडून महिनाभर तालीम करून घेतली. पट्टा फिरताना जो आवाज येतो त्याने नाट्यगृह भरून जाईल अशी माझी खात्री होती. रंगीत तालमीच्या रात्री प्रकाशयोजना करणारा मुलगा वरून ओरडून म्हणाला, ‘‘मास्तर, मुख्य लाइट कोणाच्या तोंडावर टाकू?’’ मी खाली उभा राहून सोळा मुलांकडे पाहत राहिलो आणि मला उत्तर देता आले नाही. मी त्याला ‘‘सगळीकडे टाक’’ असे सांगितले. प्रयोगाच्या दिवशी लढत सुरू झाल्यावर तिसऱ्या मिनिटाला मागच्या रांगांतून खोकल्याचे आवाज येऊ लागले.

‘स्वोर्ड ऑफ डेस्टिनी’ पाहताना मला तो मुलगा सारखा आठवत होता.

म्हणून डाव बसवायला घेण्याआधी तुमच्या दोन पात्रांनी एकमेकांशी काय बोलायचे टाळले आहे ते एका कागदावर लिहून काढा, आणि ते लिहिता आले नाही तर लढत पुढे ढकलून आधी संहितेवर बसा. नंतर शस्त्रागाराचा प्रसंग आवाज पूर्ण बंद करून लावा. प्रत्येक नवे शस्त्र उचलण्याआधी शू-लिएन किती वेळ थांबते ते मनात मोजा, त्या थांबण्यात ती कोणाकडे पाहते तेही टिपून ठेवा, आणि तुमच्या मुलांना पहिला आठवडा एकही वार न शिकवता फक्त ते थांबणे शिकवा.